वाइनचे दुकान : आधी हिशेब, मग परवाना



केळीचा भाव कोसळला किंवा कापसाचे चुकारे लांबले, की आपल्या घरांत एक बोलणे हमखास निघते. शेतीवर सगळ्यांचे भागत नाही, तेव्हा धाकट्याला एखादे दुकान टाकून द्यावे. पूर्वी हे बोलणे किराणा, पिठाची गिरणी किंवा खते-बियाण्यांच्या दुकानापर्यंत जाऊन थांबत असे. हल्ली रावेर-यावलपासून शिरपूर-साक्रीपर्यंत ‘वाइनचे दुकान’ हेही नाव ऐकू येऊ लागले आहे. रस्त्याला लागून अर्धा एकर आहे, शिकलेला मुलगा घरी बसून आहे, आणि वाइन तर द्राक्षाची, म्हणजे शेतमालाचीच. मग काय हरकत आहे, असा विचार केला जातो.

हरकत आहे की नाही हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. पण सातबाऱ्यावर बोजा चढवण्यापूर्वी या धंद्याची आतली बाजू पाहून घ्यावी, एवढ्यासाठी हा लेख. दुरून डोंगर साजरे दिसतात.

पाटी एक, माल दुसरा

आपल्या तालुक्याच्या गावी ‘वाइन शॉप’ अशी पाटी असते, त्या दुकानात मुख्य विक्री असते ती व्हिस्की, रम आणि बिअरची. वाइनच्या चार-सहा बाटल्या वरच्या फळीवर धूळ खात असतात. सरकारी भाषेत हे एफ.एल.-२ परवान्याचे दुकान. १९७० च्या दशकापासून शासनाने असे नवे परवाने देणे थांबवले. त्यामुळे असे दुकान हवे असेल तर जुना परवाना शोधून, त्याच्या धन्याला मोठी रक्कम देऊन आणि शासनाची परवानगी घेऊन तो नावावर करून घ्यावा लागतो. पाच एकर बागायत असलेल्या घराला ही रक्कम म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

दुसरा प्रकार ‘बिअर शॉपी’चा. त्याला एफ.एल./बी.आर.-२ परवाना लागतो आणि त्यावर फक्त बिअर व वाइन विकता येते. लहान, स्वतंत्र दुकान म्हणतात ते बहुधा हेच. याची परवाना फी दरवर्षी भरावी लागते. जागा शाळा, देवस्थान, बसस्थानक यांपासून ठरवून दिलेल्या अंतरावर असावी लागते. साठ्याची नोंदवही रोजच्या रोज लिहावी लागते आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा निरीक्षक ती केव्हाही पाहू शकतो. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन, गांधी जयंती आणि निवडणुकीच्या काळातील ठरावीक दिवशी दुकान बंद ठेवावे लागते.

‘दुसऱ्याच्या परवान्यावर तुम्ही चालवा, निम्मे निम्मे करू,’ असे सांगत येणारे दलाल पुष्कळ भेटतात. अशा तोंडी व्यवहारात पैसा आपला अडकतो आणि परवाना त्याच्याच नावावर राहतो. उद्या भांडण झाले तर दाद मागायला हातात कागद नसतो. शासनाच्या लेखी मंजुरीशिवाय अशा भागीदारीत एक रुपयाही घालू नये.

रस्त्याकाठची जागा

आपला भाग दोन मोठ्या रस्त्यांवर वसला आहे. मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यावरून जातो आणि सुरत-नागपूर महामार्ग धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा जातो. साहजिकच ज्याचे शेत रस्त्याला लागून, त्याला दुकानाचे स्वप्न पडते. परंतु १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला. पुढे वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर केले गेले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर रस्त्याकाठच्या असंख्य दुकानांना कुलपे लागली. नंतर जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीतील दुकानांना सूट मिळाली आणि पुढच्या वर्षी काही ग्रामपंचायत क्षेत्रांबाबत निर्णय घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. दरम्यानच्या काळात कर्जाचे व्याज मात्र कोणाचे थांबले नाही.

चंद्रपूर जिल्ह्याचेही उदाहरण घ्या. १ एप्रिल २०१५ पासून तेथे दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. मधली सहा वर्षे परवानाधारकांचा धंदा बंद होता. कापसाला बोंडअळी लागते, तसा या धंद्याला शासनाचा एक आदेश पुरतो. फरक इतकाच की बोंडअळीवर आपण काही उपाय करू शकतो.

गावाचे मत

याहून मोठी गोष्ट गावाच्या मताची. महाराष्ट्रात २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे ठरावीक संख्येने मतदारांनी मागणी केली, की गावातील महिलांचे गुप्त मतदान घेतले जाते. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणतात ते हेच. आवश्यक तेवढी मते आडव्या बाटलीला पडली, की दुकान बंद होते. आपली कारभारीणही त्याच गावची मतदार असते. ज्या गावात हातभट्टीने दोन-चार संसार धुळीला मिळवले आहेत, तेथे ‘वाइन वेगळी हो’ हे सांगणे कोणी ऐकून घेणार नाही.

आणि ती फार वेगळी आहे असेही नाही. वाइनमध्ये साधारण ११ ते १४ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे नेहमीच्या बिअरपेक्षा जास्त. ‘हृदयाला चांगली’ असे सांगून ती विकली जाते; पण जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण पूर्ण निर्धोक म्हणता येत नाही. फळाचा रस म्हणून ती कोणाच्या गळ्यात मारू नये.

द्राक्षवाल्यांचा अनुभव

‘नाशिकचे शेतकरी वाइनवर मोठे झाले, मग आपण का नाही?’ हा प्रश्न मला शिवारफेरीत अनेकदा विचारला जातो. नाशिकची गोष्ट पुरी ऐकावी.

आपल्या राज्यात या धंद्याची आधुनिक सुरुवात १९८० च्या दशकात झाली. पुणे जिल्ह्यात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी वाइनचा कारखाना उभा केला. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुला सुरू केली. २००१ मध्ये शासनाने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, करात सवलती दिल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क काढले. त्यानंतर पाच-सात वर्षांत अनेक शेतकऱ्यांनी एकट्याने किंवा भागीदारीत लहान कारखाने काढले. खायच्या थॉमसन सीडलेसच्या जागी शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्याँ, शेनिन ब्लांक अशा वाइनच्या जाती लावल्या.

माल उत्तम झाला. एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्ष लागते आणि ते पिकवण्यात आपला शेतकरी कोणाला हार जात नाही. अडले ते पुढे. २००८ मध्ये जगभर मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांतले गिऱ्हाईक आटले. टाक्या भरलेल्या राहिल्या, काही कारखान्यांकडे शेतकऱ्यांची देणी अडकली आणि कित्येकांनी वाइनच्या द्राक्षबागा उपटून टाकल्या. वाइनची जात खायच्या बाजारात चालत नाही. कारखान्याने नाकारली की ती फेकल्यासारखीच. जे लहान कारखाने टिकले, त्यांतल्या अनेकांनी मळ्यातच विक्रीची खोली काढली, पाहुण्यांना बाग दाखवली, राहण्या-जेवण्याची सोय केली. त्यांना मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक जवळ होते. आपल्याकडे जळगाव-धुळ्याला घरी बसून वाइन घेण्याची रीत नाही आणि त्यासाठी मुद्दाम येणारा पाहुणाही नाही.

विक्रीची ही अडचण शासनालाही दिसली होती. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपर मार्केटमध्ये वेगळ्या कपाटातून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. फळउत्पादकांचे भले होईल असे त्यामागचे म्हणणे होते. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय अमलात आला नाही. ‘आता परवाने खुले होणार’ अशी बातमी ऐकून ज्याने आधीच गाळा बांधला, त्याचा गाळा तसाच राहिला.

केळीच्या वाइनबद्दलही आपल्याकडे विचारणा होते. केळीपासून वाइन करता येते. मात्र केळीच्या गरात पेक्टिन जास्त असल्याने रस सुटा होत नाही, त्यासाठी एन्झाइम वापरावे लागते. पण तेथेही खरा प्रश्न बाटली भरण्याचा नाही, ती कोण घेणार याचा आहे.

उन्हाळा आणि बाटली

वाइन ही व्हिस्कीसारखी कपाटात वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू नव्हे. ती जिवंत मालासारखी सांभाळावी लागते. तिला १२ ते १५ अंश तापमान मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या गाळ्यात ठेवलेल्या बाटलीचे बूच उष्णतेने वर येते, आतला रंग तपकिरी होतो, चव शिजल्यासारखी लागते. एकदा तापलेली वाइन पुन्हा थंड करून सुधारत नाही. म्हणून दक्षिण-पश्चिमेची भिंत टाळावी, छतावर जाड थर असावा, ऊन आणि ट्यूबलाइटचा उजेड थेट पडू नये. लाकडी बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवाव्यात, म्हणजे बूच ओले राहते. फिरकीच्या झाकणाच्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. वातानुकूलन यंत्र आणि वीज गेल्यावरची सोय हा खर्च धरूनच चालावे.

बहुतेक पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या असतात. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे मोजक्याच तांबड्या वाइनना लागू आहे. आपण बियाण्याच्या पिशवीवरची मुदत पाहतो, तशी बाटलीवरची तारीख पाहावी आणि आधी आलेला माल आधी काढावा. सुरुवातीला आठ-दहा प्रकारांपेक्षा जास्त माल भरू नये.

वहीतला हिशेब

आता आकडे मांडू. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. आपापल्या गावचे आकडे घालून पाहावेत.

समजा ३ लाख रुपयांचा माल भरला आणि रुपयामागे १५ पैसे सुटतात. सगळा माल एकदा विकला गेला की ४५ हजार रुपये मिळतात. वर्षात माल सहा वेळा फिरला तर २ लाख ७० हजार. दोनच वेळा फिरला तर ९० हजार. खर्च पाहा. गाळ्याचे भाडे महिना ८ हजार, वर्षाचे ९६ हजार. एक मदतनीस, तेवढेच ९६ हजार. वीज ३० हजार. तीन लाखांवर १२ टक्क्यांनी व्याज ३६ हजार. एकूण २ लाख ५८ हजार. म्हणजे सहा वेळा माल फिरूनही हातात १२ हजार उरले, आणि त्यातून परवान्याची फी, फुटतूट व खराब माल अजून वजा व्हायचा आहे. दोनच वेळा फिरला तर भाडेसुद्धा निघत नाही. बिअरची विक्री जोडली तर माल लवकर फिरतो, हे खरे. पण मग आपण वाइनचे दुकान काढले असे म्हणू नये.

या हिशेबात उधारी धरलेली नाही. गावात नातेवाईक, सोयरे, पुढारी सगळेच ओळखीचे. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही म्हण या धंद्यात पहिल्याच महिन्यात पटते. दारूची उधारी मागायला कोणाच्या दारी जाणार? त्याची बायको दारात उभी असते.

घरात बसून ठरवावे

ज्याच्याकडे शहरात स्वतःचा गाळा आहे, कर्ज काढावे लागत नाही आणि दुसरे उत्पन्न आहे, त्याने विचार करावा. ज्याला जमीन गहाण ठेवावी लागते, त्याने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निर्णयापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत आणि त्या वेळी घरातील बायका-मुलींना समोर बसवावे.

१. परवाना कोणाच्या नावावर राहणार? शासनाची लेखी मंजुरी आहे का?
२. सहा महिने दुकान बंद पडले तर हप्ता कशातून भरणार?
३. वाइन घेणारी वीस गिऱ्हाइके आज नावानिशी सांगता येतात का?
४. मे महिन्यात दुपारी तीन वाजता गाळ्यातले तापमान मोजून पाहिले आहे का?
५. गल्ल्यावर रोज कोण बसणार आणि तो स्वतः पितो का?
६. ग्रामसभेत हा विषय आला तर घरातील सगळे एकाच बाजूने हात वर करतील का?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे घरातील बायकांकडून घ्यावीत. सहापैकी एकाचेही उत्तर अडले, तर तेवढेच भांडवल केळीची हाताळणी व पॅकिंग, दालमिल किंवा दुधाची जनावरे यांसाठी वापरता येईल का, हे तालुका कृषी अधिकारी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारावे. तेथे विचारायला पैसे पडत नाहीत.