वर्दी आणि कायदा, लेखांक ६ : न सांगता निघून आलेला रंगरूट

मागच्या आठवड्यात भरतीच्या अर्जाबद्दल आणि त्यावरच्या सहीबद्दल लिहिलं होतं. ती सही पुढे कुठे आडवी येते, ते आज पाहू. मुलगा प्रशिक्षण केंद्रातून परवानगी न घेता घरी आला आहे, किंवा सुट्टीवर आला तो परत गेलाच नाही. आता काय करायचं? साताऱ्यात, कोल्हापुरात, बुलढाण्यात, जिथं जिथं घरटी एक जवान आहे तिथं हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. चारचौघांत विचारायची लाज वाटते म्हणून सल्ला देणारेही गावातलेच असतात, आणि त्यांचे सल्ले बऱ्याचदा मुलाला आणखी खोल ढकलतात.

सरळ सांगायचं तर त्यानं लवकरात लवकर स्वतःच्या पायांनी परत जाऊन हजर व्हावं. हे का, ते कळलं तरच घरच्यांना त्याला पाठवायचा धीर येतो.

गावातला पहिला समज असा, की कसम परेडच्या आधी पळून आलं तर काही होत नाही, कारण शपथच झालेली नसते. हे साफ चूक आहे. १९५० चा लष्कर कायदा लागू होतो तो नावनोंदणीच्या दिवसापासून. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात असो, नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात असो की कामठीला, कोरी वर्दी अंगावर चढायच्या आधीच मुलगा या कायद्याखाली आलेला असतो. अग्निवीरही त्याला अपवाद नाही. शपथेनं फरक पडतो, पण तो दुसऱ्या ठिकाणी. त्याकडे पुढे येतो.

दुसरा समज त्याहून घातक आहे. तीन वर्षं कुठंतरी काढली की प्रकरण मिटतं, असं लोक म्हणतात. लष्करी न्यायालयात खटला सुरू करायला कलम १२२ नं तीन वर्षांची मुदत घातली आहे, हे खरं. पण त्याच कलमानं पलायनाचा गुन्हा या मुदतीतून वगळला आहे. आणि अटक चुकवण्यात घालवलेला काळ मुदतीत धरलाच जात नाही. म्हणजे पुण्यात किंवा सुरतेत एखाद्या कारखान्यात नाव न सांगता राबलेली वर्षं त्याच्या काहीच कामी येत नाहीत.

कायद्यात इथं दोन वेगळे गुन्हे आहेत, आणि सगळा फरक त्यांच्यामधल्या जागेत आहे. कलम ३९ म्हणजे रजेशिवाय गैरहजर राहणं, किंवा पुरेसं कारण नसताना रजा ओलांडणं. रजा ओलांडण्यालाच जवानांच्या बोलण्यात ओएसएल म्हणतात. या कलमाखाली जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आहे. कलम ३८ म्हणजे पलायन. प्रत्यक्ष युद्धसेवेवर असताना किंवा तिचा हुकूम झालेला असताना हा गुन्हा घडला तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. एरवी कमाल सात वर्षं कैद. दोन्हींत माणूस जागेवर नसतो. फरक असतो तो त्याच्या मनात काय होतं यात. परत यायचंच नाही असा इरादा असेल तर ते पलायन, नाहीतर गैरहजेरी. सर्वोच्च न्यायालयानंही १९८६ मध्ये कॅप्टन वीरेंद्र कुमार यांच्या प्रकरणात हा भेद अधोरेखित केला होता.

इरादा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो वागण्यावरून ठरवला जातो. फोन बंद करून टाकला का? ओळखपत्र फेकून दिलं का? दुसरीकडे नोकरी धरली का? की चौथ्या दिवशी केंद्रात फोन करून आईच्या ऑपरेशनबद्दल कळवलं होतं? स्वतःहून परत येऊन उभं राहणं हा ‘मी पळालो नव्हतो’ याचा सगळ्यात बोलका पुरावा आहे, आणि गप्प राहिलेला प्रत्येक दिवस त्याची धार कमी करतो.

केंद्रात तिकडे काय चाललेलं असतं तेही पाहा. गिनतीत एक कमी भरतो. बरॅक, दवाखाना, मेस पाहून होते, घरी फोन जातो. गैरहजेरीला तीस दिवस झाले की कलम १०६ प्रमाणे चौकशी न्यायालय बसवावं लागतं. साक्षी होतात, आणि सरकारी सामानाचा हिशेब लागतो. त्याची ट्रंक उघडून यादीबरहुकूम मोजदाद होते : बूट, मोजे, घोंगडी, मेस टिन, पाण्याची बाटली. काय आहे आणि काय कमी आहे, ते कागदावर येतं. मग त्याला अमुक तारखेपासून गैरहजर घोषित करून नोंद होते. त्यानंतरही तो हजर झाला नाही किंवा सापडला नाही, तर कायदा त्याला पळालेला मानतो. म्हणून तीस दिवसांच्या आत परतणाऱ्याची आणि नंतर परतणाऱ्याची गोष्ट एकच राहत नाही. तीस दिवस उलटून गेले असतील तरीही जावंच. धरून नेलेल्या माणसापेक्षा आपणहून आलेल्या माणसाचं म्हणणं वेगळ्या कानांनी ऐकलं जातं.

पलायनाची खबर मुलकी अधिकाऱ्यांकडेही जाते. गावच्या पोलीस ठाण्यात त्याचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, अंगावरच्या खुणा असलेला कागद येतो, आणि दंडाधिकाऱ्याचं वॉरंट असावं तशी त्यावर कारवाई होते. पळालेला जवान असल्याचा रास्त संशय असेल तर पोलीस वॉरंटाशिवायही अटक करू शकतात.

घरच्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पळालेल्या सैनिकाला जाणूनबुजून आसरा देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. यातून सूट आहे ती फक्त पती किंवा पत्नीला. आईवडिलांना नाही, मामाला नाही, मळ्यातल्या खोपीत झोपायला जागा देणाऱ्या मित्रालाही नाही. पोटचा पोर दारात आल्यावर त्याला जेवू घालू नका, असं कुणीच सांगणार नाही. जेवू घाला, झोपू द्या, काय झालं ते शांतपणे ऐका. आणि मग बापानं त्याच्यासोबत गाडीत बसावं.

निघण्याआधी काय करायचं? केंद्राला फोन करून तो येतो आहे हे सांगायचं. कुणाशी, कधी बोलणं झालं ते लिहून ठेवायचं. तेच पोचपावतीच्या टपालानं किंवा ईमेलनंही कळवायचं. कारण खरं असेल तर त्याचे कागद जमवायचे : सरकारी रुग्णालयाची कागदपत्रं, मृत्यूचा दाखला, पुरानं घर पडलं असेल तर तलाठ्याचा पंचनामा. गावातल्या ओळखीच्या डॉक्टरकडून मागच्या तारखेचं सर्टिफिकेट अजिबात घेऊ नये. गैरहजेरीची चूक एकवेळ पदरात घेतली जाते, खोट्या कागदाची नाही. मुलगा खरोखर आजारी असेल तर जवळच्या लष्करी रुग्णालयात दाखवावं. केंद्र फार लांब असेल तर जवळच्या लष्करी ठाण्याच्या मुख्यालयात हजर व्हावं आणि त्याची लेखी नोंद मागून घ्यावी. काय बोलावं, कुणाला भेटावं हे सुचत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. तिथं बहुधा अशी माणसं भेटतात ज्यांनी हे आतून पाहिलेलं असतं.

परत गेल्यावर त्याला कमांडिंग ऑफिसरसमोर उभं केलं जातं. आरोप त्याच्यासमोर ऐकला जातो, साक्षीदारांना प्रश्न विचारायचा आणि आपले साक्षीदार आणायचा त्याला हक्क असतो. थोड्या दिवसांची गैरहजेरी पुष्कळदा तिथंच निकाली निघते. कमांडिंग ऑफिसर आपल्या अधिकारात २८ दिवसांपर्यंत लष्करी कैद देऊ शकतात, किंवा त्याहून हलकी शिक्षा. गैरहजर दिवसांचा पगार कापला जातो. बुडालेलं प्रशिक्षण भरून काढायला मागच्या तुकडीत टाकलं जाऊ शकतं, आणि मुलांना कैदेपेक्षा हेच जास्त झोंबतं, कारण सोबतचे पुढे निघून गेलेले असतात. प्रकरण गंभीर असेल तर समरी कोर्ट मार्शल होतं.

आणि त्याला तिथं राहायचंच नसेल तर? हे म्हणण्यात काही पाप नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरानं चुकीची वाट धरली असं त्याला वाटू शकतं. शपथेचा फरक पडतो तो इथंच. लष्कर नियमांतल्या नियम १३ प्रमाणे शपथ न झालेल्या रंगरुटाला सेवामुक्त करायचा अधिकार कमांडिंग ऑफिसरकडे असतो, आणि स्वतःच्या विनंतीवरूनही तसा अर्ज करता येतो. तो मंजूर होईलच असं नाही, पण दार आहे. शपथ झाली की सेवामुक्तीचे नियम वेगळे होतात. अग्निवीराला चार वर्षांच्या आधी स्वतःच्या मर्जीनं सुटायचं तर अपवादात्मक कारण आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. अशा वेळी सेवानिधीत त्यानं भरलेला स्वतःचा वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा वाटा मिळत नाही. खडकवासल्याच्या एनडीएतल्या छात्राचं गणित वेगळं आहे. वैद्यकीय कारणाशिवाय मध्येच सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च पालकांकडून वसूल होऊ शकतो, तसं त्यांनी आधीच लिहून दिलेलं असतं.

काही मुलं मारहाणीला किंवा छळाला कंटाळून निघून येतात. अशा मुलाला घरच्यांनी ‘मर्द हो, सहन कर’ म्हणून गप्प बसवू नये. उस्तादाची कडक शिस्त वेगळी आणि हात उचलणं वेगळं. हाताखालच्या माणसाला मारणं किंवा त्याचा छळ करणं हा याच कायद्याच्या कलम ४७ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैदेचा. कलम २६ प्रमाणे रंगरुटाला वरिष्ठांकडे तक्रार करता येते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडेच ती न्यावी लागत नाही, त्याच्या वरच्याकडे नेता येते. परत हजर होताना ही तक्रार लेखी, तारीखवार घेऊन जावी. नंतर सुचलेल्या कारणापेक्षा पहिल्याच दिवशी दिलेल्या कागदाला वजन असतं. आणि मुलगा गप्प गप्प झाला असेल, जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.

शिक्षा किंवा बडतर्फी अन्यायाची वाटली तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येतं. २००७ च्या कायद्यानं ते स्थापन झालं आणि त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. तिथं काय मागता येतं आणि वकील कसा निवडावा, ते पुढच्या लेखांकात.