खासदार साहेब, तुमचे मत कुठे पडले?

सप्टेंबर १९५१ मध्ये दिल्लीत दोन राजीनामे झाले. पहिला बाबासाहेबांचा. हिंदू कोड बिल गुंडाळले गेले, तेव्हा देशाच्या कायदामंत्र्याने २७ सप्टेंबरला मंत्रिपद सोडले. दुसरा राजीनामा त्याच महिन्यात एच. जी. मुद्गल या मुंबईच्या काँग्रेस खासदाराचा. मुंबईच्या बुलियन असोसिएशनकडून, म्हणजे सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तो संसदेत त्यांचे प्रश्न विचारत होता. चौकशीत दोष सिद्ध झाला आणि हकालपट्टीचा ठराव सभागृहासमोर आला, तेव्हा त्याने राजीनामा पुढे केला. एकाने एका कायद्यासाठी खुर्ची सोडली, दुसऱ्याने खुर्चीच्या जोरावर प्रश्न विकले. आज आपण निवडून देतो तो खासदार या दोघांपैकी कोणाच्या वाटेने चालला आहे, हे आपल्याला कसे कळणार?

आमच्या वस्त्यांमध्ये खासदाराची ओळख ठरलेली आहे. १४ एप्रिलला तो येतो, पुतळ्याला हार घालतो, निळा फेटा बांधून घेतो आणि समाजमंदिराला दोन खोल्या जाहीर करून जातो. आम्ही टाळ्या वाजवतो. परंतु “साहेब, गेल्या वर्षी आमच्या प्रश्नावर संसदेत तुमचे मत कुठे पडले?” असे विचारणारा एकही कार्यकर्ता व्यासपीठासमोर उभा राहत नाही. हा दोष जेवढा खासदाराचा, तेवढाच आपलाही आहे, हे कटू असले तरी मान्य केले पाहिजे.

प्रथम मतदान पाहू. संसदेत विधेयक मंजूर होते ते बहुतेक वेळा आवाजी मतदानाने. अध्यक्ष विचारतात, बाजूचे “होय” म्हणतात, विरोधातले “नाही” म्हणतात आणि अध्यक्ष कानाने निकाल देतात. कोण “होय” म्हणाला, कोण गप्प बसला, याची नोंद कुठेही राहत नाही. एखाद्या सदस्याने निकालाला आव्हान दिले आणि मतविभागणी मागितली, तरच यंत्रावर मतांची नावानिशी नोंद होते. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत शेती विधेयकांवर विरोधकांनी मतविभागणी मागितली. उपसभापतींनी ती दिली नाही, विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. ज्या कायद्यांविरुद्ध शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले, त्यांच्या बाजूने राज्यसभेत कोणाकोणाचे मत पडले, याची यादीच नाही.

आता आपला प्रश्न घ्या. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली. २ एप्रिलला देशभर बंद झाला, आपली माणसे मारली गेली. त्या रेट्यामुळे सरकारला दुरुस्ती विधेयक आणावे लागले. ६ ऑगस्ट २०१८ रोजी लोकसभेने ते मंजूर केले, तेही आवाजी मतदानाने. त्यामुळे आज प्रत्येक खासदार छाती ठोकून सांगू शकतो की मी ॲट्रॉसिटी कायद्याच्या बाजूने होतो. तो त्या दिवशी सभागृहात होता की नव्हता, हे मतदानाच्या नोंदीवरून तपासण्याची सोय नाही.

घटनादुरुस्तीचे मात्र तसे नसते. घटनेच्या ३६८ व्या कलमाप्रमाणे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते. त्यासाठी मते मोजावी लागतात. म्हणून घटनादुरुस्तीच्या दिवशी खासदार उघडा पडतो.

असा एक दिवस होता ८ जानेवारी २०१९. आर्थिक दुर्बलांना दहा टक्के आरक्षण देणारे विधेयक त्याच दिवशी लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी मंजूर झाले. बाजूने ३२३, विरोधात ३. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत १६५ विरुद्ध ७. या दुरुस्तीने अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधील गरीब त्या दहा टक्क्यांतून वगळले. म्हणजे गरिबीच्या नावाने आरक्षण आले आणि आपला गरीब तेवढा बाहेर राहिला. आरक्षणाचा पाया सामाजिक मागासलेपण आहे, या घटनेच्या मूळ विचारालाच यामुळे तडा गेला.

लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ जागा राखीव आहेत. विरोधात पडलेल्या तीन मतांपैकी एकही मत या ८४ जागांवरून आलेले नव्हते. अण्णाद्रमुकने सभात्याग केला, एवढेच. राज्यसभेत बहुजन समाज पक्षाने पाठिंबा दिला. केंद्रात राज्यमंत्री असलेले रामदास आठवलेही या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. पुढे ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवली. परंतु न्या. रवींद्र भट आणि सरन्यायाधीश उदय लळीत यांनी आपल्या समाजातील गरिबांना वगळणे हा भेदभाव आहे, असे अल्पमतात का होईना नोंदवले. दोन न्यायाधीशांना जे दिसले, ते आमच्या नावाने निवडून आलेल्यांना कसे दिसले नाही?

त्यांना दिसले नसेल असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचे हात बांधलेले होते. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली आणि पक्षाचा व्हिप मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते, असे ठरले. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले तरच तो वाचतो. आयाराम-गयाराम थांबवण्यासाठी आलेल्या या कायद्याने खासदाराचे मतच पक्षाच्या तिजोरीत जमा केले.

राखीव जागेवरच्या खासदाराला हे बंधन दुहेरी आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. उमेदवार आपला, परंतु त्याला निवडून देणारे बहुसंख्य मतदार इतर समाजाचे आणि तिकीट देणारा पक्षही त्यांचाच. बाबासाहेबांनी हा धोका ओळखला होता, म्हणूनच १९४७ मध्ये घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ मागितले. ते मिळाले नाहीत. त्याचे फळ डिसेंबर २०१२ मध्ये देशाने पाहिले. पदोन्नतीतील आरक्षणाचे विधेयक राज्यसभेत २०६ विरुद्ध १० मतांनी मंजूर होऊन लोकसभेत आले, तेव्हा मंत्र्याच्या हातातून ते हिसकावून घेणारा खासदार कोण होता? समाजवादी पक्षाचे यशवीर सिंह, उत्तर प्रदेशातील नगीना या अनुसूचित जातीसाठी राखीव मतदारसंघातून निवडून आलेले! ज्या आरक्षणाने त्यांना संसदेत बसवले, त्याच आरक्षणाचा कागद त्यांनी पक्षासाठी हिसकावला. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयकही संपले.

एका खासदाराच्या मताने काय होते, असे कोणी म्हणेल. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. त्याच लोकसभेत रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार होते. प्रकाश आंबेडकर, रा. सु. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघेही खुल्या मतदारसंघांतून निवडून आले होते. एकजूट झाली तर काय घडते, हे आपण पाहिलेले आहे.

व्हिपचे कारण सांगणाऱ्या खासदाराला आम्ही दुसरा प्रश्न विचारू. व्हिप मतदानावर असतो. प्रश्न विचारण्यावर तो नसतो. लोकसभेत एका दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न येतात. त्यात शिष्यवृत्तीचा, बॅकलॉगचा, गटार साफ करताना मरणाऱ्या कामगारांचा प्रश्न तुम्ही किती वेळा विचारला? अनुसूचित जाती व जमाती कल्याण समिती तीस सदस्यांची आहे, तिच्यावर जाण्याचा प्रयत्न तरी केला का? दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी आपल्या विशेष घटक योजनेतील सुमारे ७४४ कोटी रुपये वळवले गेले. हे २०१० मध्ये बाहेर आले ते कार्यकर्त्यांनी माहिती अधिकार वापरला म्हणून. सभागृहातले आमचे प्रतिनिधी तोवर काय पाहत होते?

नुसत्या आकड्यांनीही फसू नका. हजेरी नव्वद टक्के आणि प्रश्न पाचशे, असे पत्रक निवडणुकीत वाटले जाते. त्या प्रश्नांत वस्तीचा प्रश्न किती आणि कंत्राटदाराचा प्रश्न किती, हे वाचल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. प्रश्न विकलेही जातात. मुद्गल प्रकरणानंतर चौपन्न वर्षांनी, डिसेंबर २००५ मध्ये, पैसे घेऊन प्रश्न विचारणारे अकरा खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि त्यांची हकालपट्टी झाली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातील जळगाव आणि एरंडोलचे खासदारही होते.

तिसरी गोष्ट, खासदाराचे बाहेरचे धंदे. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. कंपनीचे पगारी संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, नियंत्रण ठेवण्याइतके शेअर्स, सल्लागारीचे पैसे आणि व्यावसायिक काम, अशा पाच बाबी तिथे लिहून द्याव्या लागतात. लोकसभेने अशी नोंदवही ठेवलेली नाही. तिथे संपत्ती जाहीर होते, परंतु धंदा आणि कायदा यांचा संबंध उघड होत नाही. नोंदवही असूनही काय होते, ते विजय मल्ल्याने दाखवले. स्वतः विमान कंपनीचा मालक आणि नागरी हवाई वाहतुकीशी संबंधित संसदीय समितीचा सदस्य! २०१६ मध्ये बँकांची देणी बुडवून तो परदेशी निघून गेला.

हा विषय श्रीमंतांचा आहे, आपला काय संबंध, असे समजू नका. २००५ च्या त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने खासगी शिक्षण संस्थांतही आरक्षणाचा कायदा करण्याची वाट मोकळी केली. २००६ चा केंद्राचा कायदा आला तो फक्त केंद्रीय संस्थांपुरता. देशभरातील खासगी संस्थांसाठी केंद्रीय कायदा व्हावा म्हणून, स्वतः शिक्षण संस्थेचा अध्यक्ष असलेला खासदार आग्रह धरेल काय? साखर कारखाना आणि जिल्हा बँक ज्याच्या घरात आहे, तो ऊसतोड कामगाराचा प्रश्न मांडेल काय? म्हणून मताच्या शेजारी धंदा ठेवून वाचला पाहिजे.

आता करायचे काय? उमेदवारी अर्जासोबतचे प्रतिज्ञापत्र उघड असते, त्यात संपत्ती, गुन्हे आणि उत्पन्नाचे स्रोत असतात. ते वस्तीत वाचून दाखवा. संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्न आणि भाषणे आहेत, महाविद्यालयातील आपल्या मुलांना ती काढायला लावा. खासदार निधी वर्षाला पाच कोटींचा आहे आणि त्यातील पंधरा टक्के, म्हणजे पंचाहत्तर लाख रुपये, अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी सुचवले पाहिजेत असा नियम आहे. ते कोणत्या वस्तीत गेले, याची यादी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून माहिती अधिकारात मागा. आणि महत्त्वाच्या विधेयकावर मतविभागणी मागण्याचे वचन उमेदवाराकडून प्रचाराच्या सभेतच घ्या.

राखीव जागांची सध्याची मुदत जानेवारी २०३० ला संपते. तेव्हा देश विचारील की या जागांनी काय दिले? उत्तर खासदार देणार नाहीत, ते आपल्याला द्यावे लागेल. त्यासाठी आतापासून हिशेबाची वही उघडली पाहिजे. येत्या १४ एप्रिलला खासदार हार घेऊन येतील. हार घालू द्या, जयभीम म्हणा, आणि मग त्यांना बसवून विचारा, साहेब, तुमचे मत कुठे पडले?