संगणकाची स्मृति आणि तिची वही

संगणकाच्या स्मृतींत काय सांठविलें आहे हें जसें महत्त्वाचें, तसेंच तें कोठें सांठविलें आहे ही नोंदही महत्त्वाची. ही नोंद ठेवणाऱ्या कारभाऱ्यास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. स्मृति जितकी विशाल, तितका कारभाऱ्याचा व्याप हलका, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. स्मृतीबरोबर तिची वहीही वाढते, आणि एका मर्यादेपलीकडे ती वहीच घरांतील जागा अडवूं लागते.

या वहीचा उगम इंग्लंडांत, मँचेस्टर येथें झाला. तेथील विद्यापीठांत १९६२ सालीं ॲटलस नांवाचा संगणक सुरू झाला. टॉम किलबर्न व त्यांचे सहकारी यांच्यापुढें अडचण किमतीची होती. चुंबकीय कड्यांची वेगवान स्मृति फार महाग; म्हणून ती १६,३८४ शब्दांपुरतीच घेतलेली. फिरत्या ढोलावरील स्मृति स्वस्त आणि सहापट मोठी, पण संथ. तोंपर्यंत एकींतून दुसरींत मजकुराची ने-आण आज्ञावली लिहिणाऱ्यासच योजावी लागे, आणि तें काम मोठें किचकट असे. या मंडळींनीं दोन्ही मिळून एकच भांडार आहे असा आभास निर्माण केला. मजकुराचीं ५१२ शब्दांचीं पानें पाडलीं. आज्ञावलीनें काल्पनिक पत्ता सांगावा. तें पान वेगवान स्मृतींत असेल तर तेथून, नसेल तर ढोलावरून आणून, यंत्रानें मागणी पुरवावी. वेगवान स्मृतींत अशीं पानें मावत अवघीं ३२. तेव्हां वहींतील नोंदीही ३२, आणि त्या एकदम तपासण्यास स्वतंत्र विद्युत्-मंडलें होतीं.

१९८५ सालीं इंटेलच्या ८०३८६ या प्रोसेसरनें ही पद्धत व्यक्तिगत संगणकांपर्यंत आणली. त्याचें पान ४,०९६ बाइटांचें. तें माप आजही असंख्य यंत्रांत टिकून आहे. स्मृति मात्र तेथें थांबली नाहीं.

आज मोठ्या पेढीच्या संगणकांत एक टेराबाइट स्मृति असणें नवलाचें राहिलेलें नाहीं. जुन्या मापानें तिचीं पानें होतात २६ कोटी ८४ लाख. प्रत्येक नोंदीस ८ बाइट धरले तर वही २ गीगाबाइटांची. एवढ्यानें कोणी भिकेस लागत नाहीं. परंतु प्रत्येक चालू आज्ञावलीची वही निराळी असते, ही खरी मेख. समजा, खातेदारांची माहिती सांभाळणाऱ्या शंभर आज्ञावल्या ५१२ गीगाबाइटांची एकच सामाईक स्मृति वापरीत आहेत, आणि प्रत्येकीनें ती सारी चाळली आहे. लिनक्समध्यें सामान्यतः प्रत्येकीस १ गीगाबाइटाची वही लागेल. एकूण १०० गीगाबाइट. भांडाराचा जवळजवळ दहावा हिस्सा केवळ हिशेबाखालीं गेला! मग जागेअभावीं खरी माहितीच बाहेर लोटली जाते, यंत्र रखडतें, आणि अगदींच निकराची वेळ आली तर लिनक्सला एकादी आज्ञावली बंद पाडून जागा मोकळी करावी लागते. खिडकीपुढें उभ्या असलेल्या खातेदारास एवढेंच कळतें कीं, ‘सिस्टिम’ बंद आहे.

दुसरी अडचण वेळेची. पत्त्यागणिक ती अवाढव्य वही उलगडणें परवडत नाहीं. म्हणून प्रोसेसरपाशीं अलीकडच्या नोंदींचें छोटें टिपण असतें. त्यांत दीड हजार नोंदी मावतात असें धरलें, तरी लहान पानांमुळें सुमारें ६ मेगाबाइटच आवांक्यांत येतात.

उपाय म्हणजे पानच मोठें करणें. २ मेगाबाइटांचें पान घेतलें कीं ५१२ नोंदींचें काम एक नोंद करते. त्या १०० गीगाबाइटांच्या वह्या मग २०० मेगाबाइटांवर येतात, आणि तेवढ्याच टिपणाच्या आवांक्यांत सुमारें ३ गीगाबाइट येतात. खोट यांतही आहे. मोठ्या पानास सलग मोकळी जागा हवी, आणि बराच काळ चाललेल्या यंत्रांत ती तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेली असते. शिवाय चार ओळींच्या मजकुरासाठीं अख्खें पान अडकून पडतें. २०११ पासून लिनक्स अशीं पानें आपण होऊन देऊं शकतो. पण जागा जुळवितांना काम मध्येंच थबकण्याचा संभव असतो. म्हणून मोठे डेटाबेस चालविणारे जाणकार बहुधा ही आपोआपची सोय बंद ठेवतात आणि यंत्र सुरू होतांनाच ठराविक मोठीं पानें राखून ठेवतात. अशी राखलेली जागा रिकामी राहिली, तरी इतर आज्ञावल्यांस ती सामान्य कामासाठीं मिळत नाहीं.