बोंबल्या विठोबाच्या बाजारात

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात १५७० पासून नाताळचा बाजार भरतो. आधी तो संत निकोलसच्या नावानं भरे. शहर प्रोटेस्टंट झालं, संत मागे पडला आणि बाजार बाळ येशूच्या नावावर गेला. भाचीनं तिथल्या लाकडी दुकानांचे फोटो पाठवले, ते मी संपादकांना दाखवले. ते म्हणाले, "एका दिवसात जाऊन येता येईल असा आपल्याकडचा थंडीचा बाजार शोधा." मला लगेच खोपोलीजवळचं साजगाव आठवलं. तिथं तर बाजारानं देवालाच नवं नाव दिलंय.

कर्जतला गाडी बदलली. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली. हा फाटा १८५६ सालचा. बोरघाटातून रूळ वर जायला १८६३ उजाडलं, तोवर गाडीतून उतरलेली माणसं डोलीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढत. त्याच्याही कितीतरी आधीपासून याच वाटेनं मीठ-मासळी वर जात होती.

कार्तिकातल्या एकादशीला साजगावची जत्रा सुरू होते. तुकोबा कोकणात मिरची विकायला उतरले, भोळेपणानं माल उधारीवर देऊन बसले आणि विठ्ठलानं ती उधारी वसूल करून दिली, ती जागा हीच, असं इथले लोक सांगतात. चातुर्मास संपलेला असतो, खाणाऱ्यांची जीभ आसुसलेली असते, आणि किनाऱ्यावरच्या कोळणी सुकं म्हावरं घेऊन येतात. तुळशीमाळ घातलेला वारकरी ज्या देवासाठी मासळी सोडतो, तोच इथं बोंबल्या विठोबा. याचं इथं कुणालाच नवल वाटत नाही, आणि मला ते फार आवडलं.

सोडे, जवळा, करंदी, वाकट्या, मांदेली अशा ढिगांमधून जाताना मी एका मावशींच्या बोंबलांपाशी थांबले ती तासभर हललेच नाही. "आदी मोरून बघ, मंग भाव कर," त्या म्हणाल्या. मोडला. काडीसारखा कट्‌कन आवाज आला.

त्या आवाजामागे किती खटाटोप असतो! ताज्या बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. म्हणून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूच्या वलांडीवरच्या दोरीवर टांगायची. दात असे आत वळलेले असतात की एकदा अडकलेली जोडी वाऱ्यानं सुटत नाही. खिळा नको, गाठ नको. बहुतेक वेळा मीठही लावत नाहीत. बाकीचं काम ऊन-वाऱ्याचं. तीन-चार दिवस कडक मिळाले की माल तयार. मावशींची बोटं हवेतच जबडा उघडून दाखवत होती. ती बोटं जागोजाग चिरलेली होती.

पण ते तीन-चार दिवस मिळायला हवेत. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, पावसानंतर बोंबील चांगला लागतो, आणि या जत्रेचा नवा माल ऑक्टोबरच्या उन्हावर सुकतो. हल्ली परतीचा पाऊस नेमका तेव्हाच रेंगाळतो. वलांडीवर अर्धवट सुकलेला बोंबील एका सरीनं भिजला की काळवंडतो, बुरशी धरतो. मग तो माणसांच्या ताटात येत नाही, कोंबड्यांच्या खाद्याला मातीमोल भावानं जातो. होडीचं डिझेल, बर्फ, मजुरी यांचा खर्च मात्र होऊन गेलेला असतो. पत्र्याखाली सुकवावं तर वारा लागत नाही. यंत्रात सुकवलेला चालेल, पण यंत्राचे पैसे कुणी घालायचे? मावशींची सून एका कंपनीत कामाला जाते. "तिनं कशाला बसावं उन्हात?" हे त्या अजिबात कडवटपणा न आणता म्हणाल्या, तरी मला ते लागलं. जबडे अडकवणारे हातच उरले नाहीत तर निरभ्र ऑक्टोबरचाही उपयोग नाही.

दुपारी घाटमाथ्यावर ढग आले तशी त्यांनी ताडपत्री ओढली. मी अर्धा किलो मागितला. तागडीत घातलेल्यांतले दोन बोंबील दाबल्यावर वाकले. मी पाहिलंही नव्हतं. त्यांनी ते उचलून मागे टाकले आणि दुसरे दोन घातले.