लीजनच्या हॉलमध्ये तरुण सभासद

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दोन सर्वांत मोठ्या संघटनांनी शंभरी केव्हाच ओलांडली आहे. ‘व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स’, म्हणजेच व्हीएफडब्ल्यू, हिचे मूळ १८९९ मध्ये, स्पेनशी झालेल्या युद्धातून आणि फिलिपिन्समधून परतलेल्या सैनिकांनी काढलेल्या छोट्या मंडळांत आहे. ‘अमेरिकन लीजन’चा जन्म मार्च १९१९ मधला आणि तोही पॅरिसमधला, पहिले महायुद्ध संपले होते आणि फौज घरी जाण्याची वाट पाहत बसली होती. दोन्ही संघटनांच्या गावोगावच्या शाखेला ‘पोस्ट’ म्हणतात. पोस्टला क्रमांक असतो, पुष्कळदा युद्धात कामी आलेल्या गावच्याच जवानाचे नाव असते आणि बहुधा स्वतःची इमारत असते. आत एक मोठा हॉल, त्याला लागून बार, भिंतीवर जुने गटफोटो, कोपऱ्यात पूल टेबल. शुक्रवारी तळलेल्या माशांचे जेवण, एखाद्या संध्याकाळी बिंगो, एरवी लग्नाकार्याला हॉल भाड्याने. लीजनच्या सभेत युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांसाठी एक खुर्ची रिकामी ठेवलेली असते.

पण बार आणि बिंगो ही पोस्टची अर्धीच ओळख झाली. पोस्टशी जोडलेला ‘सर्व्हिस ऑफिसर’ सैनिकाला अपंगत्व भत्ता, उपचार, विधवा पत्नीचे निवृत्तिवेतन असल्या कामांचे अर्ज फुकट भरून देतो आणि फेटाळलेल्या अर्जाचा पाठपुरावाही करतो. महाराष्ट्रात माजी सैनिक ज्या कामांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातो, त्यांतली बरीच कामे तिथे या संघटना करतात. कायदेमंडळावरही त्यांचा दाब असतो. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या लाखो तरुणांना कॉलेजची फी आणि घराला कर्ज मिळवून देणाऱ्या १९४४ च्या ‘जी. आय. बिल’चा पहिला मसुदा लीजनचे हॅरी कोल्मेरी यांनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात हाताने लिहून काढला होता.

त्या युद्धात सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकन गणवेशात होते, त्यामुळे पोस्टना माणसांची ददात नव्हती. १९४६ मध्ये लीजनची सभासदसंख्या ३३ लाखांच्या घरात गेली. व्हीएफडब्ल्यूचा कळस १९९२ च्या सुमाराचा, २१ लाखांच्या आसपास. आज लीजन २० लाखांच्या खाली आहे आणि व्हीएफडब्ल्यूचे सभासदही जवळजवळ निम्म्यावर आले आहेत. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली, फौज लहान झाली आणि दर वर्षी बाहेर पडणाऱ्या सैनिकांचा ओघ आटला. त्यात अमेरिकेतली क्लबात जाण्याची सवयच एकूण मोडत गेली. तरीही सगळा दोष आकड्यांवर ढकलता येत नाही. नव्याने आलेल्याला आत घेण्यात खुद्द पोस्टच कमी पडल्या, आणि एकदाच नव्हे.

याची सुरुवात कोरियापासून झाली. ते युद्ध सरकारदरबारी ‘पोलिसी कारवाई’ होते. युद्ध कधी रीतसर पुकारलेच गेले नाही. महायुद्ध जिंकून आलेल्यांना तिथून परतलेले सैनिक दुय्यम वाटले, तर नवल नव्हते. व्हिएतनामच्या वेळी हा दुरावा कडवट झाला. केस वाढवलेला, युद्धाबद्दल शंका बोलून दाखवणारा विशीतला पोरगा बारपाशी आला की त्याच्या वडिलांच्या वयाचे लोक त्याला ऐकवत, की तुमचे ते काही खरे युद्ध नव्हे. आम्ही आमचे जिंकून आलो. सगळ्या पोस्ट अशा नव्हत्या, पण बऱ्याच होत्या. पुष्कळ जण एकदा येऊन गेले ते पुन्हा फिरकलेच नाहीत. १९७८ मध्ये बॉबी म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळीच चूल मांडली. तीच पुढे ‘व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका’ झाली. सैनिकांच्या एका पिढीने दुसरीला वाऱ्यावर सोडायचे नाही, हे तिचे ब्रीद. आज पोस्टच्या बारपाशी पांढऱ्या केसांचे जे बसलेले दिसतात, ते मुख्यतः हेच व्हिएतनामवाले. इराक-अफगाणिस्तानातून आलेल्याशी कसे वागायचे हे आता त्यांच्या हातात आहे आणि आपल्याला मिळालेली वागणूक त्यांच्यातले बरेच जण विसरलेले नाहीत.

नव्यांना घेण्यात पहिली अडचण नियमांची होती. लीजनचे सभासदत्व युद्धकाळात नोकरी केलेल्यालाच मिळे, आणि युद्धकाळ कोणता हे तारखांनी बांधलेले होते. व्हिएतनामचा काळ ७ मे १९७५ ला संपला. पुढचा, लेबनॉन आणि ग्रेनाडाचा, ऑगस्ट १९८२ मध्ये सुरू झाला. मधल्या सात वर्षांत भरती होऊन बाहेर पडलेला सैनिक लीजनच्या लेखी सैनिक असून नसल्यासारखा. शिवाय जाहीर युद्ध नसतानाच्या काळातही चकमकींत आणि मोहिमांत माणसे मरत, जखमी होत होती. ३० जुलै २०१९ रोजी राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या कायद्याने ही फट बुजवली. ७ डिसेंबर १९४१ पासून आजपर्यंतचा सगळा काळ आता एकसलग युद्धकाळ धरला जातो. व्हीएफडब्ल्यूने मात्र आपली अट सोडलेली नाही. परदेशी मोहिमेवर गेल्याचे पदक किंवा तसा पुरावा दाखवल्याशिवाय तिथे प्रवेश नाही. संघटनेच्या नावातच परदेशी युद्धे असल्यामुळे तिचा हट्ट समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत ती सभासदसंख्येत मोजते.

कायद्याने वाट मोकळी झाली तरी पोस्टचा दरवाजा शब्दशः बंद असतो. बऱ्याच ठिकाणी तो आतून कुलूपबंद. सभासदाकडे कार्ड असते, बाकीच्यांनी बेल वाजवायची. खिडक्या लहान, आत अंधूक उजेड. बेल वाजवून आत गेलेल्या अनोळखी तरुणाकडे स्टुलांवरची सात-आठ डोकी एकदम वळतात. कोणी उठून नाव विचारले, कुठल्या पलटणीत होतास म्हणून चौकशी केली, तर गाडी पुढे सरकते. नाहीतर तो एक बियर पिऊन निघून जातो. नोकरीतून मुक्त झाल्याचा ‘डीडी-२१४’ हा कागद दाखवला की अर्जाचे काम होते आणि काही पोस्ट पहिल्या वर्षाची वर्गणी स्वतःच भरतात. पण वर्गणी माफ करणे हा सगळ्यात सोपा भाग आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हे दार आणखी जड ठरले. लीजनमध्ये स्त्री सैनिकांना अगदी आरंभापासून, म्हणजे सगळ्या अमेरिकन स्त्रियांना मताचा हक्क मिळण्याच्याही आधीपासून, सभासद म्हणून मत देता येत होते. व्हीएफडब्ल्यूने त्यांना १९७८ मध्ये घेतले. तरी आजही स्त्री सैनिकांची नेहमीची तक्रार एकच असते: पोस्टमध्ये पाऊल टाकले की पहिला प्रश्न येतो, तुमचे यजमान कुठल्या तुकडीत होते? माजी सैनिकांत साधारण दहात एक स्त्री आहे आणि हे प्रमाण वाढते आहे, तेव्हा असा प्रश्न विचारणारी पोस्ट आपल्याच मुळावर घाव घालते. २०१४ मध्ये व्हीएफडब्ल्यूच्या सनदेतली पुरुषवाचक भाषा काढली गेली. तिची महिला सहायक संघटना पुढच्या वर्षी पुरुषांनाही खुली झाली, कारण पत्नी सैनिक आणि पती घरचा अशीही घरे आता आहेत. २०१७ मध्ये डेनिस रोहन या लीजनच्या पहिल्या महिला राष्ट्रीय कमांडर झाल्या.

तरुणांना काय हवे असते, हे पोस्टना शिकवले ते त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी. २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर जेक वूड आणि विल्यम मॅकनल्टी या दोन माजी मरीन सैनिकांनी मदतीला जाण्यासाठी गट जमवला. त्यातून ‘टीम रुबिकॉन’ उभी राहिली. पूर आला, वादळ झाले की तिचे लोक करवती आणि फावडी घेऊन पोहोचतात. त्याच वर्षी निघालेली ‘टीम रेड, व्हाइट अँड ब्लू’ सैनिकांना गावच्या लोकांबरोबर धावायला आणि व्यायामाला बोलावते. या संघटना ना इमारत सांभाळतात ना बार चालवतात. तिशीतल्या सैनिकाला नोकरी असते, घरी लहान मुले असतात. मंगळवारी रात्री धुरकट हॉलमध्ये मागच्या सभेचे इतिवृत्त ऐकायला त्याला वेळ नसतो. शनिवारी सकाळी मुलांना घेऊन एखाद्या वृद्ध सैनिकाच्या घराचे छप्पर दुरुस्त करायला बोलावले, तर तो येतो.

डेन्व्हरच्या व्हीएफडब्ल्यू पोस्ट क्रमांक १ ने हे ओळखले. १८९९ मध्ये फिलिपिन्समधून आलेल्या कोलोरॅडोच्या सैनिकांनी सुरू केलेली ही जुनी पोस्ट शहरातल्या कलादालनांच्या सांता फे रस्त्यावर आली. तिने सैनिकांनी काढलेल्या चित्रांचे दालन थाटले आणि योगाचे वर्ग सुरू केले. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्या रस्त्यावर चित्रे पाहत फिरणारे लोक आता पोस्टमध्येही डोकावतात. इतरत्र बदल लहान आहेत: सिगारेट बाहेर, सभा लवकर, मुलांसाठी कोपरा. बारच्या गल्ल्यावरच वीजबिल भरणाऱ्या पोस्टला मात्र याहून पुढे जाणे अवघड जाते.

जुन्या-नव्यांना एका टेबलाशी आणणारे सर्वांत भक्कम कारण मात्र आजारपण ठरले. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकाने झालेले रोग सरकारने मान्य करावेत म्हणून त्या पिढीला १९९१ च्या कायद्यापर्यंत झगडावे लागले. इराक-अफगाणिस्तानातल्या तळांवर प्लास्टिकपासून रंगापर्यंतचा कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जाई आणि त्याच्या धुराने आजारी पडलेल्यांच्या नशिबीही तेच आले. ऑगस्ट २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने त्यांचे बरेच आजार नोकरीमुळे झाल्याचे गृहीत धरले. त्याच कायद्यात एजंट ऑरेंजच्या यादीत उच्च रक्तदाबही आला. दोन्ही पिढ्यांचे अर्ज मग त्याच सर्व्हिस ऑफिसरकडे, त्याच फॉर्मवर आले. कुठला डॉक्टरी कागद जोडायचा आणि नकार आला तर अपील कसे करायचे, हे म्हाताऱ्यांना पाठ होते.

खुर्च्यांचा प्रश्न राहतोच. पोस्टचा कमांडर दर वर्षी निवडला जातो, पण कित्येक पोस्टमध्ये तीच चार माणसे आलटून पालटून पदे घेतात. तरुणाला झेंडा धरायला आणि खुर्च्या मांडायला बोलावले जाते. हिशेबाची वही मात्र दाखवली जात नाही. जिथे त्याला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच ॲड्ज्युटंटचे, म्हणजे चिटणिसाचे, काम मिळते, तिथे तो आपल्या ओळखीचे आणखी चार जण घेऊन येतो.

‘व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका’ने वेगळी वाट धरली. नव्या सैनिकांच्या हक्कांसाठी ती कायदेमंडळात हिरिरीने भांडली, पण सभासदत्व तिने व्हिएतनामच्या काळात नोकरी केलेल्यांपुरतेच ठेवले. तिच्या बहुतेक सभासदांनी आता सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांच्यामागे नाव नोंदवणारा कोणी नाही.