भिंतीवरची बुरशी आणि घरातील जयणा

गोदावरीच्या काठाने आनंदवल्ली व सोमेश्वर ओलांडून धरणाच्या दिशेने जाणारा गंगापूर रोड आज नाशिकचा दाट वस्तीचा भाग झाला आहे. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीइतका पाऊस येथे कोसळत नाही. तरीही श्रावण लागताच अनेक घरांत कपाटामागे, न्हाणीघराच्या छताला आणि पावसाच्या माऱ्यातील पश्चिमेच्या भिंतींवर काळे-हिरवे ठिपके उमटू लागतात. इतरांना हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न वाटेल. जैन कुटुंबाला तो अहिंसेचाही आहे.

कल्पसूत्रातील साधुसामाचारीत आठ सूक्ष्मांची गणना आहे. त्यांतील ‘पनक’ म्हणजे ओलाव्यामुळे धरणारी बुरशी. तिचे काळा, निळा, तांबडा, पिवळा व पांढरा असे पाच वर्ण तेथे सांगितले आहेत. परंपरेने तिला अनंतकाय मानले आहे. म्हणूनच वाढलेली बुरशी खरवडण्यापेक्षा ती उगवूच न देणे, ही श्रावकाची खरी जयणा होय.

मूळ शोधावे

बुरशीचे बीजकण हवेत सर्वत्र असतात. त्यांना हवा असतो तो ओलावा. तो बाहेरून झिरपतो की घरातील वाफेमुळे साचतो, हे ओळखण्याचा सोपा उपाय आहे. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या आतील, भिंतीकडील बाजूस आढळल्यास भिंतीतच ओल आहे. खोलीकडील बाजूस आढळल्यास हवा कोंडली आहे. पहिल्या प्रकारात गच्ची, नळ व बाहेरील भेगा दुरुस्त कराव्यात. दुसऱ्यात कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत, ओले कपडे खोलीत वाळत घालू नयेत आणि स्वयंपाक व स्नानानंतर खिडकी उघडावी.

उगवलेल्या बुरशीचे काय?

हात लावल्यास विराधना होईल, या भावनेने काही जण तिकडे दुर्लक्ष करतात. परंतु ओल कायम असेल तर बुरशी पसरतच जाते. जितका विलंब, तितकी पुढील विराधना मोठी. शिवाय दम्याचा रुग्ण, तान्हे मूल किंवा वृद्ध यांना तिच्या बीजकणांचा त्रास होतो. अशा घरात टाळाटाळ ही करुणा ठरत नाही. प्रथम ओल बंद करावी, जागा वाळू द्यावी आणि मगच मर्यादित सफाई करावी.

कोरड्या झाडूने बुरशी झाडू नये. कण घरभर उडतात. नाक-तोंड झाकून, हातमोजे घालून, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने हलकेच पुसावे व लगेच कोरडे करावे. छत पुसताना पंख्याचा व दिव्यांचा वीजपुरवठा मुख्य बटणातून बंद करावा. ब्लीचमध्ये ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. स्वयंपाकघरातील तेलकट थर कोमट साबणपाण्याने निघतो. मात्र डिस्टेंपर किंवा चुन्याची भिंत फार घासल्यास रंगच उतरतो. कोळिष्टके काढण्यापूर्वी त्यांत जीव नाही ना, हे उजेडात पाहून घ्यावे.

झाकणे म्हणजे उपाय नव्हे

ओल्या भिंतीवर रंग चढवण्याचा मोह टाळावा. १९२० च्या सुमारास अजिंठ्याच्या चित्रांवर इटालियन तज्ज्ञांनी संरक्षणासाठी चपड्याचा थर दिला. कालांतराने तो पिवळा पडून काळवंडला आणि नंतरच्या पिढ्यांना तो काढत बसावे लागले. घरातील भिंतीचीही गत निराळी नाही. आत ओल राहिली की नव्या रंगाचेही पोपडे सुटतात.

मोठी दुरुस्ती कार्तिकी पौर्णिमेनंतर भिंती सुकल्यावर, अथवा वैशाखाच्या कडक उन्हात करावी. ज्येष्ठ संपण्यापूर्वी गच्चीचा उतार, पावसाच्या पाण्याचे पाइप व खिडक्यांच्या कडा एकदा तपासल्या, तर चातुर्मासात भिंतीला हात लावण्याची वेळच सहसा येत नाही.