संगणकाची वखार कोठे असावी?

इंदूरच्या सियागंजातील किराण्याचा व्यापारी सगळा माल दुकानात मांडीत नाही. नित्य लागणारा हाताशी ठेवतो, उरलेला वखारीत. संगणकाचेही तसेच आहे. कार्यस्मृती, म्हणजे रॅम, अपुरी पडली की तो तिच्यातील काही मजकूर डिस्कवरील एका फाइलीत ठेवतो व लागेल तेव्हा परत आणतो. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात सुरू झालेल्या ‘अ‍ॅटलस’ यंत्रात ही युक्ती प्रथम अवतरली. तेथे वखारीचे काम फिरता चुंबकीय दंडगोल करी.

ही फाइल कोठे ठेवावी? फिरत्या हार्ड डिस्कचे वाचनशीर्ष एका वेळी एकाच जागी असते. नवी जागा गाठण्यास त्याला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. म्हणून त्याच डिस्कचे दोन विभाग पाडून फाइल दुसऱ्यात ठेवणे व्यर्थ होय; शीर्षाची धावपळ उलट वाढते. ती निराळ्या डिस्कवर ठेविली, तर दोन शीर्षे एकाच वेळी राबतात. न फिरणारी एसएसडी असल्यास फाइल तिच्यावरच असावी. तेथे हा विलंब सुमारे शंभराव्या हिश्श्यावर येतो.

तथापि वखार कितीही जवळ आणली तरी ती दुकान नव्हे. यंत्र सतत रखडत असेल, तर ते मोडीत काढण्यापूर्वी रॅम वाढवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यावर भागते.